अतवा सुताराचा श्वास

अतवा सुताराला चक्कर आली, तेव्हा अन्फूशी वस्तीतल्या लोखंडी तालमीत हजर असलेल्या प्रत्येक माणसाला तिचं कारण ताबडतोब कळलं. बार नुकताच जमिनीवर आदळला होता. अतवा भिंतीला पाठ लावून बसला होता आणि त्याचं तोंड वांग्यासारखं जांभळं पडलं होतं.

"बीपी उतरलंय उस्तादाचं," एक जण म्हणाला.

"उतरेल नाही तर काय! दिवसभर उन्हात होड्या ठोकायच्या आणि वर इथे येऊन लोखंड उचलायचं."

"अरे, बघत काय बसलात? खारं काहीतरी आणा!"

खारं आणायला अलेक्झांड्रियात कोणाला लांब जावं लागत नाही. कोपऱ्यावरच्या उसळीच्या गाडीवरून खारवलेल्या लिंबांची वाटी आली. अतवानं दोन लिंबं सालासकट चावून खाल्ली आणि वाटीतलं पाणीही पिऊन टाकलं. थोड्या वेळानं त्याला बरं वाटलं. भिंतीला टेकून स्वस्थ बसलं की कोणालाही बरं वाटतं, पण श्रेय लिंबांना गेलं.

अतवा पन्नाशी ओलांडलेला. समुद्राकाठच्या गोदीत मासेमारीच्या होड्या बांधायचा. लाकूड वाकवणं हा त्याचा धंदा आणि लोखंड उचलणं हा त्याचा जीव. त्याचे दंड एवढे, की सदरे शिवायला टाकताना शिंपी बाह्यांसाठी वेगळं कापड मागायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो या तालमीत येत होता. बाहेरच्या जगात त्याला कोणी फारसं विचारत नसे. त्याला चारचौघांत बोलता येत नसे, हिशेब जमत नसे, मुलीच्या, शाहिंदाच्या, लग्नातही तो एका बाजूला उभा होता. पण बार डोक्यावर गेला की तालमीत शांतता पसरायची, आणि ती शांतता त्याची असायची.

ती चक्कर आल्यानंतर त्यानं स्वतःवर इलाज सुरू केला. तालमीत जायच्या आधी भाकरीबरोबर मिश खायची. मिश म्हणजे मडक्यात मुरवलेलं जुनं चीज, खारट इतकं की जीभ आखडते. घरी बायको, नबविया, त्याला जास्वंदीचा काढा देऊ लागली, तोही कढत. कारण गार जास्वंदीनं बीपी उतरतं आणि गरम जास्वंदीनं चढतं, हे तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, आणि तिच्या आईचं आजवर काही चुकलं नव्हतं.

एवढं करूनही चक्कर थांबेना. उलट सकाळी उठल्यावर मानेच्या वर, डोक्याच्या मागे कोणीतरी पाचर ठोकतंय असं वाटायला लागलं. मग मिश वाढवली.

शेवटी तो डोकेदुखीची गोळी घ्यायला औषधाच्या दुकानात गेला. दुकान मीरेतबाईंचं. त्या औषधं देणाऱ्या, पण गल्लीत सगळे त्यांना डॉक्टरबाईच म्हणत.

"गोळी देते. आधी हात इकडे करा."

"नको, डॉक्टरबाई. मला माहितेय, लो आहे."

"कोणी मोजलं?"

"सगळ्यांनी सांगितलं."

"सगळ्यांना इकडे पाठवा, त्यांचंही मोजते. हात."

त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला आणि रबरी फुगा दाबायला घेतला. पट्टा फुगला, ताणला आणि चर्रकन सुटून औषधांच्या बरणीवर जाऊन पडला. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. अतवानंही हळूच दंड फुगवून पाहिला. दुसऱ्यांदा कसाबसा पट्टा टिकला आणि आकडा बघून मीरेतबाईंचं हसू मावळलं.

"उस्ताद, वरचा आकडा दोनशेला टेकलाय."

"पट्टा बारीक आहे ना, म्हणून."

मीरेतबाई विचारात पडल्या. "तेही खरं आहे. एवढ्या दंडाला हा पट्टा आवळला तर आकडा वाढीव दाखवतो. मोठा पट्टा मागवते. तोवर मीठ बंद, लोखंड बंद."

अतवानं यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. त्या संध्याकाळी अख्ख्या तालमीला कळलं, की अतवाचा दंड मोजायला शहरात यंत्रच नाही. तालमीचा मालक, कप्तान झगलूल, सत्तरीचा, मान खांद्यांत रुतलेला माणूस, खूश होऊन म्हणाला, "हा माझा पठ्ठ्या! यंत्र फोडलं यानं!" अतवानं त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वजन लावलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा डोळे मिटून घेतले.

मोठा पट्टा आला. तो बरोबर बसला, सुटला नाही, कुरकुरला नाही. आकडा एकशे पंच्याऐंशी.

"आता?" मीरेतबाईंनी विचारलं.

अतवानं स्वतःच पट्टा सोडवला. त्यांनी त्याला त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथे छातीला तारा लावल्या, रक्त काढलं आणि रोज घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. अतवानं एकच प्रश्न विचारला, तोही दाराशी पोचल्यावर. "लोखंड?"

"दाब खाली येईपर्यंत हातही लावायचा नाही. आला, तर बघू."

त्या 'तर'नं अतवाची झोप उडवली.

घरातलं मिशचं मडकं शेजारी गेलं. नबवियानं सकाळी लिंबू नि जिऱ्याची उसळ वाढली, बिनमिठाची. अतवानं घास तोंडात घोळवला.

"हे कशाचं आहे?"

"बिनमिठाचं आहे, शाहिंदाच्या बापा. गिळ."

"आणि तुझ्या आईचा काढा?"

"माझ्या आईनं तुला लो समजून सांगितलं होतं. तू हाय निघालास, त्यात तिचा काय दोष?"

तो रोज समुद्राच्या कडेनं किल्ल्यापर्यंत भराभर चालून यायचा. डोकं दुखायचं थांबलं तेव्हा त्यानं आपल्या मनानं गोळी सोडली. मीरेतबाईंनी पुढच्या वेळी आकडा पाहून ते ओळखलं आणि भर दुकानात त्याची अशी खरडपट्टी काढली, की गिऱ्हाइकं दूध पावडर विसरून ऐकत राहिली. "डोकं दुखत नाही ते गोळीमुळे दुखत नाही! होडीत पाणी येत नाही म्हणून डांबर खरवडून काढता का तुम्ही?" हे मात्र अतवाला पटलं.

संध्याकाळी पाय तालमीकडेच वळायचे. तो दारात बसायचा. पहिले काही दिवस सगळ्यांनी विचारपूस केली. मग कोणीतरी म्हणालं, "उस्ताद, बसलाच आहात तर माझा सदरा धरा." पुढे त्याच्या मांडीवर सदऱ्यांचा ढीग साचायला लागला. एकदा बार डोक्यावर गेला, शांतता पसरली, आणि ती दुसऱ्याच कोणाची तरी होती. घरी आल्यावर तो नबवियाला म्हणाला, "मी आता खुंटी झालोय." नबवियानं त्याच्या पुढ्यात संत्रं सोलून ठेवलं.

गर्मी सुरू झाली तेव्हा आकडा एकशे तीसच्या आत आला आणि तिथेच राहिला. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटींसकट. पूर्वीच्या निम्म्याहून कमी वजन. डोक्यावर ओझं न्यायचं नाही. एकदा जड उचलण्याऐवजी हलकं अनेकदा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, श्वास कोंडायचा नाही. "जोर लावताना श्वास बाहेर सोडा, तोंडानं, मोकळा. कोंडलात, की दाब क्षणात आभाळाला भिडतो. तुमची चक्कर तिथलीच होती."

अडचण नेमकी इथेच होती. झगलूलच्या तालमीत श्वास कोंडणं हीच विद्या होती. "श्वास पोटात गाडा, बार वर जाईपर्यंत बाहेर येता कामा नये," हे कप्तान नवख्याला पहिल्या दिवशी शिकवायचा. ज्याच्या तोंडून उचलताना आवाज निघेल, त्यानं अख्ख्या तालमीला चहा पाजायचा. या नियमाला तिथे कोणी कधी हरकत घेतली नव्हती, आणि इतक्या वर्षांत अतवाला एकदाही चहा पाजावा लागला नव्हता.

घरी गॅसचं सिलिंडर उचलून त्यानं सराव केला. "फू!"

"चूल पेटवतोयस?" आतून नबविया ओरडली.

शेवटी एका संध्याकाळी तो तालमीत गेला, सदरा स्वतःच खुंटीला अडकवला आणि बारला नवशिक्यांच्या प्लेटी लावल्या. कोणीतरी खाकरलं. अतवाचे कान तापले. या क्षणी श्वास गाडून हेच वजन त्यानं करंगळीनं उचललं असतं, निदान त्याला तसं वाटलं. त्यानं बार कमरेपर्यंत उचलला. "फू!"

"चहा!" सगळी तालीम एका सुरात ओरडली.

अतवानं बार खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. "फू!"

"अजून एक चहा!"

"फू!"

"अरे, चहावाल्याला बोलवा रे, उस्तादाची आगगाडी सुटली!"

हसण्यानं छत उडायची वेळ आली. अतवा थांबला नाही. आवाज बारीक करावा, असं एकदा मनात आलं, पण मग श्वास अडकायला लागला, म्हणून त्यानं मोठ्यानं सोडला. चहा खरोखरच आले. अतवाचं उचलणं संपेना आणि ट्रे येतच राहिले. लोकांच्या दोन्ही हातांत पेले झाले, बाकांवर पेले झाले, बार ठेवायच्या घोडीवरही पेले झाले. कोणाला लोखंडाला हात लावता येईना.

"बास!" कप्तान झगलूल गरजला. "हे काय मांडलंय? इथे नियम आहे!"

अतवाच्या तोंडून श्वास आणि शब्द एकदमच बाहेर पडले. "नियम पाळतोय ना, कप्तान. फू! चहा पाजतोय. पण श्वास नाही कोंडणार. कोंडला तर एक दिवस इथेच, तुमच्या पायाशी पडेन. मला यायचंय इथे. फू! म्हातारा होईपर्यंत यायचंय."

एवढं मोठं भाषण अतवानं आयुष्यात केलं नव्हतं. कप्तान त्याच्याकडे बघत राहिला. मग हातातल्या तिसऱ्या पेल्याकडे त्यानं पाहिलं.

"साखर जास्त झालीय," तो म्हणाला. "चहा बंद. उस्तादाला उचलू द्या. बाकीच्यांनी गंमत म्हणून फूफू केलंत, तर याद राखा."

बार किती वेळा उचलला, ते कोणीतरी मोजायला लागलं. मग आणखी दोघं. अतवा उचलत राहिला, ठेवत राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं, की हे हलकं वजन वाटतं तेवढं हलकं नाही. मांड्या थरथरायला लागल्या तेव्हा तो आपण होऊन थांबला. डोकं मोकळं होतं, डोळ्यांपुढे छत होतं तसं स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हात खांद्याच्या वर नेता येईना. अंग असं ठणकत होतं, जसं पोरवयात पहिल्यांदा बार उचलल्यावर ठणकलं होतं. गोळी घेतली, पाणी प्यायला, आणि सदरा अर्ध्यात अडकवून तो खोलीच्या मधोमध उभा राहिला.

"नबविया! जरा ओढ हा सदरा."

ती आली. सदऱ्यातून आवाज येत होता, म्हणून तिला आधी वाटलं कण्हतोय. मग तिनं मान सोडवली, तर तो हसत होता.

"दुखतंय, गं," तो म्हणाला. "सगळीकडे दुखतंय."