काठीवरचं पांढरं फडकं

तारापूरच्या आमच्या शाळेत एकदा रशियन सिनेमा दाखवला. खिडक्यांना काळे कागद, भिंतीवर चादर, भर दुपारी आत अंधार गुडूप. त्यांच्या देशात आपसातली लढाई पेटलेली, आणि आमच्याएवढी पोरं घोड्यांवरून निरोप पोचवतायत. भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती. पण एक मुलगी मनोऱ्यावर चढून कापड बांधते आणि ते बघून तिच्या बाजूचे सैनिक पूल ओलांडतात, एवढं कळलं. मी तर वेडीच झाले.

आमच्या कोळीवाड्यात खाडीच्या तोंडाशी एक उंच काठी होती. ओहोटीला तिथे होडीला खडक लागतात. पाणी पुरेसं चढलं की एक म्हातारा दोरीने काठीवर पांढरं फडकं चढवायचा, ते बघून होड्या आत यायच्या. बदल्यात प्रत्येक होडी त्याला ओंजळभर मासळी द्यायची.

पुढच्या रविवारी दुपारी म्हाताऱ्याचा डोळा लागला होता. उशाशी ठेवलेलं फडकं मी हळूच उचललं आणि चढवलं. माझी मैत्रीण शेजारी खोटे घोडे हाकत होती. होड्या संध्याकाळच्या भरतीला येणार, तोवर काढून ठेवू, अशी आमची मेली अक्कल.

वारा फिरला म्हणून बाबांची होडी लवकर परतली. शीड सरळ खडकांकडे येताना दिसलं. दोरी ओढली, तर ती वर अडकून बसलेली. हिसके दिले, तरी सुटेना. फळी फुटल्याचा आवाज मात्र किनाऱ्यापर्यंत आला. मैत्रीण घरी पळाली. मी बोंबील वाळत घातलेल्या मांडवामागे बसले आणि बाबा मेले असतील तर काय, एवढंच घोकत राहिले.

बाबा आले. नखशिखांत भिजलेले, कपाळातून रक्त. थेट म्हाताऱ्यावर धावून गेले. "पाणी नाय तर फडका कशाला लावलास? जीव गेला असता आमचा."

म्हाताऱ्याने काठीवरचं फडकं बघितलं. मग म्हणाला, "मीच लावला असंल. आता माज्या ध्यानात नाय रेत."

खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं. मी चार पावलांवर होते, पण उठले नाही. भीती वाटली, दुसरं काही नाही.

काठी दुसऱ्याकडे गेली, मासळीही गेली. तरी म्हातारा भरतीच्या वेळी तिथे येऊन उभा राहायचा आणि दिसेल त्याला विचारायचा, "तो मीच लावलेला ना?" एके दिवशी मलाही विचारलं.

मी हो म्हटलं.