बोंडांची वरात

खोडाळ्याच्या बाजारातून येताना काजूच्या बोंडांचा आंबूस वास आला की मला जामसरच्या आमच्या घरचा तो उन्हाळा आठवतो. बाळंतपणाला माहेरी आलेली माझी थोरली बहीण जव्हारच्या दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतली होती. मूल पोटातच गेलं होतं. ती रडत नव्हती, नीट जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. अंगणात बी काढून टाकलेल्या बोंडांचा ढीग पडला होता आणि शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नव्हत्या. आम्हाला कधी साधं खेळणंही करून न दिलेला बा एका दुपारी त्या ढिगाशी बसला आणि झाडूच्या काड्या टोचून बोंडांची वरात करू लागला. काळ्या दोऱ्याच्या मिशा लावलेला नवरदेव, ढेरपोटे वऱ्हाडी, आणि तारपा वाजवणारा एक, जो सारखा कलंडायचा. बहीण दारात येऊन म्हणाली, "बा, हा तर उभा पण राहत नाही." बा म्हणाला, "पिऊन आलाय गं तो." ती हसली, चांगली मोठ्याने हसली. मग वरातीकडे बघत म्हणाली, "ह्यात लहान कोणीच नाही." बाचे हात थांबले. तिने ढिगातलं सगळ्यात छोटं बोंड उचललं, पदराने पुसलं, आणि ते छातीशी धरून ती पहिल्यांदा रडली. सकाळी बोंडं काळी पडली, मुंग्या लागल्या, तेव्हा बाने सगळी वरात टोपलीत भरून खड्ड्यात नेऊन टाकली. ते छोटं बोंड त्यात नव्हतं. आज तिची दोन मुलं शाळेत जातात, आम्ही बहिणी तासन्‌तास बोलत बसतो, पण त्याचं तिने काय केलं हे विचारायला माझी जीभ अजून रेटत नाही.