बेडकीचं नवं इंजिन

आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. तरी नोकरीभर लिहिले ते पंचनामे आणि जबाब. त्यापलीकडे काही लिहायचं म्हटलं की अजून हात अडखळतो. पण खोपोलीत नेमणुकीला असतानाची ती सकाळ निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही, म्हणून हे धाडस.

हजेरी चालू असताना पोलीस ठाण्यातला फोन वाजला. साजगावची एक बाई घाबऱ्या आवाजात म्हणाली, "सायेब, नवऱ्याला आत टाका, पन ती गाडी थांबवा. लेकीला संगं नेलंय त्यानं."

गाडी म्हणजे तिच्या सासऱ्यांची जुनी तीनचाकी मोटार. फायबरची, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. घरात तिला 'बेडकी' म्हणत. नवऱ्याने तिचं बारकं इंजिन काढून मोठ्या मोटारसायकलचं बसवून घेतलं होतं, तेही परवानगीशिवाय. तो कुठे गेला हे बाईला माहीत नव्हतं आणि तो फोन उचलत नव्हता.

स्टेशन डायरीत नोंद करून मी इंजिन बसवलं ते गॅरेज गाठलं; पत्ता बाईनेच सांगितला होता. मिस्त्री चहा पीत होता.

"गाडी कुठाय?"

"मला काय ठाव, सायेब?"

"इंजिन बदललंस. आणि ब्रेक?"

"ब्रेक जुनेच हायेत. त्याला पळवायची हाय, थांबवायची नाय!" तो हसला. "सायकलवाला म्होरं जायचा हो तिच्या. जुनी तशीच ठेवायची तर हार घालून भितीला टांगा."

मी आवाज चढवला, तसा तो मिटला. ओरडलं की माणसं मिटतात, हे तोवर कळलेलं होतं. मग शेजारी बसून साधंच विचारलं, "नव्या इंजिनाला नारळ फोडला का रं?"

"हितं कसा फोडंल? पयला नारळ घाटातल्या देवाला. आमची रीतच हाय ती."

बोलून गेला आणि त्याचाच चेहरा उतरला. नवं इंजिन घाट सहज चढणार होतं. उतरायचं मात्र जुन्या तारेच्या ब्रेकवर.

जीप वर चढताना प्रत्येक वळणावर मी आधी दरीत बघत होतो. देवळापाशी बेडकी दिसली. गळ्यात झेंडूचा हार, तोंड उताराकडे. दुसरीतली पोर आत बसलेली आणि बाप चावी फिरवत होता. मी पळत जाऊन पुढच्या चाकाखाली दगड सरकवला.

"माझ्या बापाची गाडी हाय, सायेब! चोर हाय का मी?"

पोर रडायला लागली. देवळापुढून कोणी म्हणालं, "पोलीस आता पोरांना पन भ्या दाखवाय लागलं." मलाही वाटलं, आपण उगाच घाबरलो का? तरी गाडी टेंपोत चढवून तपासणीला पाठवली आणि बापलेकीला ठाण्यात आणलं. भीतीची लाज वाटू देऊ नये, ती तपासून बघावी, एवढं त्या दिवशी शिकलो.

बाप बाकावर बसून वाद घालतच होता. दुपारी मोटार वाहन निरीक्षकांचा फोन आला. मी रिसीव्हर त्याच्याच हातात दिला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"सपाटीवर चालवून बघितली. पहिल्यांदा ब्रेक धरला. दुसऱ्यांदा दाबला आणि तार तुटली."

"दुसऱ्यांदा?" त्याने विचारलं, आणि दुसऱ्या हाताने पोरीला जवळ ओढलं.