सतरा नंबरचं चित्र

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिचं सोडा, मी स्वतःशीसुद्धा हे कधी धड बोललो नाही — मग तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे.

मला जुन्या क्रिकेटपटूंची चित्रं जमवायचा नाद. इंग्रजांच्या काळात ती सिगारेटच्या पाकिटातून निघायची — काडेपेटीएवढी, तपकिरी, मागे नंबर छापलेला. पंचवीसचा संच. नागपुरात लकडगंजच्या रद्दीवाल्यांकडे बसून बसून मी चोवीस मिळवली. सतरा नंबर काही मिळेना. वहीतली ती एक रिकामी जागा मला बाकीच्या चोवीसांचा आनंद घेऊ देईना.

सतरा नंबर नामदेवकडे होता. नामदेव उमरेडचा विणकर, माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या वडिलांचा एकही फोटो घरात नव्हता. होती फक्त त्यांची तंबाखूची डबी, आणि डबीत हे चित्र. तो ते रोज काढायचा, हुंगायचा, म्हणायचा, "बाबा आला." मी दोनदा मागितलं. त्यानं हसून डबी बंद केली.

मग चित्राचे पापुद्रे सुटायला लागले. तेव्हा एस.टी.नं नागपूरला येऊन त्यानं ते माझ्याच हातात दिलं. "गजा, तू छापखान्यातला मानूस. एवढं नीट करून दे गा."

छापखान्यात मी ब्लॉक, म्हणजे चित्रं छापायचे धातूचे ठसे, बनवायचो. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल — तरी सांगतो. ब्लॉक केला, जाड कागदावर छापलं, चहाच्या पाण्यात भिजवून वाळवलं, कडा घासल्या. आठ दिवस लागले. मनाला एकदाही टोचलं नाही. उलट काम साधल्याचा आनंद झाला, अगदी शीळ घालण्याइतका. नक्कल त्याला दिली, अस्सल वहीत चिकटवलं.

पण एवढंच असतं तर मी आज बोललो नसतो. जीभ जड होते ती पुढच्या गोष्टीला.

त्यानं माझ्यासमोरच चित्र हुंगलं. पुन्हा हुंगलं. "गजा, याले बाबाचा वास काहून नाही येऊन राहिला?"

पापुद्रे चिकटवायच्या डिंकामुळे गेला असेल, एवढं म्हटलं तरी भागलं असतं — तेही का सुचू नये? मी म्हणालो, "मले तर येऊन राहिला. तुह्या नाकालेच काही झालं असन."

आणि त्यानं विश्वास ठेवला! सुताला लावायची खळ आंबली की नाही, हे नामदेव नुसत्या वासावरून सांगायचा. आजूबाजूचे विणकर त्याला बोलावून न्यायचे. त्यानंतर तो घरच्या खळीसाठीही बायकोला विचारू लागला — "सांग वं, आंबली का?" मग लोकही त्याला बोलवेनासे झाले. डबी उघडणं तर त्यानं सोडूनच दिलं. मी हे पाहत होतो. त्याच्या घरी पाटावर बसून जेवत होतो.

तो गेला. तेरावं झाल्यावर त्याची बायको ती डबी घेऊन माझ्याकडे आली. "भाऊजी, तुमच्याजवळ सतरा नंबर नाही म्हनत होते. माह्या मागं गजाले दे, म्हने." मी दोन्ही हातांनी डबी घेतली. डोळेही पुसले — तिच्यासमोर.

आता दोन्ही चित्रं माझ्याकडे आहेत. अस्सल चित्राला माझ्या वहीतल्या डांबरगोळ्यांचा वास येतो. इतकी वर्षं बंद डबीत राहून नकलेला तंबाखूचा येतो.