विबकेच्या दारावरचं कडं

हार्कनं बायकोचं मनगट मोडलं, त्याच वर्षी मी त्याच्या दाराच्या चौकटीवर पहिल्या बक्षिसाची फीत ठोकली. मनगटाचं मला माहीत नव्हतं, असं मी बरीच वर्षं सांगत आले. खरं म्हणजे मला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

आमचं गाव समुद्राच्या बांधाआड. कापणी उरकली की ऑक्टोबरात प्रत्येक दारावर तोरणासारखं गोल विणलेलं कडं चढतं. गव्हाचं काड, ओटच्या लोंब्या, जवसाची वाळकी बोंडं, वर कच्च्या लोकरीचा दोर. कुणी भडक रंग वापरला की बायका नाकं मुरडतात. आणि दुसऱ्याच्या कड्याला कुणी हात लावत नाही. लांबून बघायचं, वाखाणायचं आणि पुढे जायचं, ही इथली रीत.

विबके हार्कशी लग्न होऊन आली तेव्हा तिचं कडं ताटाएवढं होतं. पुढच्या वर्षी परातीएवढं झालं. सातव्या वर्षी त्यानं अर्धं दार झाकलं. आत भिंतींवरही तेच, इथे काडाची चटई, तिथे लोंब्यांची जुडी.

"तुझ्या बोटांत जादू आहे गं," मी म्हणायचे.

"उघडी जागा बघवत नाही, टेल्सेमावशी," ती म्हणायची आणि बाही खाली ओढायची.

मी बावीस वर्षं कड्यांच्या स्पर्धेची परीक्षक होते. गावात माझ्या शब्दाला मान होता आणि मला त्याची घमेंड होती. विबकेला मी चारदा पहिलं बक्षीस दिलं.

पाचव्यांदा फीत आणि हातोडी घेऊन गेले, तेव्हा भर दुपार होती. आत काहीतरी आदळलं. मग हार्कचा आवाज आला, "परत तोंड उघडशील? उघडशील परत?" प्रत्येक शब्दामागे एक दणका. कड्यातलं काड पायरीवर गळत होतं.

"हार्क, दार उघड!" मी ओरडले.

"बक्षीस नकोय आज. घरी जा, म्हातारे!"

आणि मी वळले. हे सांगितलंच पाहिजे. मी दोन पायऱ्या उतरले होते.

तेवढ्यात आतून दारावर कुऱ्हाड बसली आणि कडं खिळ्यासकट माझ्या पायाशी पडलं. त्याच्यामागे दार असं उरलंच नव्हतं. मुठीएवढी भोकं, चिरलेल्या फळ्या, त्यांवर ठोकलेली फळकुटं. काही घाव ताजे, काही वर्षांपूर्वीचे काळे पडलेले. मी फिती दिल्या होत्या त्या ह्याला.

मी परत वर चढले. भोकातून विबके दिसली. ती खाली वाकली म्हणून घाव दारात गेला होता. हार्कनं एका हातानं तिचे केस धरले होते, दुसऱ्यानं अडकलेली कुऱ्हाड उपसत होता. तिचा एक डोळा रक्तानं बुजला होता. भिंतीवरच्या चटया निघाल्या होत्या आणि प्रत्येकीमागे एक खड्डा होता.

मी भोकातून हात घालून अडसर काढला. हार्कनं माझ्या तोंडावर ठोसा मारला, दोन दात गेले. मी हातोडी त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. तो पडला, तरी मी आणखी एकदा घातली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

विबके रांगत बाहेर आली. "मावशी, कडं," ती म्हणाली, "आधी ते वर लावा. लोक बघतील."

मी ते लाथेनं रस्त्यावर उडवलं.

तो तुरुंगात गेला. तिचा डावा डोळा गेला. तिनं नवीन दार बसवलं आणि ऑक्टोबर आला तरी त्यावर काही टांगलं नाही. "कसं बोडकं दिसतं," बायका कुजबुजल्या.

मी परीक्षकपण सोडलं, फेरी सोडली नाही. आता विबके सोबत येते. आम्ही दारोदार जातो आणि कडं उचलून मागे बघतो. लोक चिडतात. "रीत विसरलात का?" म्हणतात. बहुतेक दारं धड असतात, आम्ही कडं नीट बसवतो आणि शिव्या खाऊन पुढे जातो.

ह्या वर्षी गल्लीच्या टोकाला, नुकतंच लग्न झालेल्या ग्रेटयेच्या दारावर, भलंमोठं कडं आहे. फार देखणं. आम्ही पायरी चढलो तशी ती आतून धावत आली.

"मावशी, हात नका ना लावू," ती हळूच म्हणाली. तिनं बाही खाली ओढली.

मी एप्रनमधली हातोडी चाचपली. तोवर विबकेनं कडं उचललं होतं.