भाऊजींची उंच गाडी

आमचे भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. ताईच्या लग्नात काकांनी सगळ्यांना "जावई इंजिनिअर आहेत" असं सांगत ओळख करून दिली, आणि भाऊजींनी एकेकाला बाजूला गाठून "इंजिनिअर नाही, मेकॅनिक" अशी दुरुस्ती केली. एका दिवसात त्यांना इतकं बोलताना मी त्यानंतर बरीच वर्षं पाहिलं नाही.

माणूस मुळात ऐकणारा. लिफ्टच्या बंद दाराला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि वरचा दोर घासतोय की खालचं चाक कुरकुरतंय ते सांगायचं. घरातही तेच. ताई, त्यांची मुलगी चिमणी आणि ताईकडेच राहणारी आमची आई अशा तिघी एकाच वेळी बोलत असायच्या आणि भाऊजी मधे चहाचा कप धरून, तोंडावर हसू ठेवून बसलेले असायचे. मी शेजारच्याच गल्लीत राहतो, त्यामुळे हे दृश्य माझ्या रोजच्या पाहण्यातलं.

जुनी छोटी गाडी म्हातारी झाली तेव्हा भाऊजींनी सात जण बसतील अशी मोठी एसयूव्ही घेतली. वापरलेली होती, पण टकाटक. पांढरी, पोट सुटलेली, सज्जन दिसणारी.

"घरात माणसं चार आणि जागा सात?" ताईने विचारलं.

"तुझा भाऊ आहे की. जेवायच्या वेळेला येतो, तसा फिरायलाही येईल," भाऊजी म्हणाले. मेहुण्याची अशी आठवण ठेवणारे जावई कमीच.

पहिले काही महिने गाडी होती तशीच होती. रविवारी आम्ही सगळे गावाबाहेर तळ्यापर्यंत जायचो. आई पुढे, ताई आणि चिमणी मधे, मी एकदम मागे गुडघे हनुवटीला लावून. चढ आला की गाडी मात्र धापा टाकायची. एकदा त्या चढावर एका शाळेच्या बसने आम्हाला मागे टाकलं आणि मागच्या काचेतून पोरांनी हात हलवून निरोप दिला. दुसऱ्याच दिवशी भाऊजी वस्तादच्या गॅरेजला गेले.

वस्ताद म्हणजे गाड्या नटवणारा. त्याचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, बहुतेक त्यालाही आठवत नसावं. गॅरेजच्या भिंतीवर चाकांच्या तबकड्या घरातल्या थाळ्यांसारख्या मांडलेल्या, कोपऱ्यात सीटची कव्हरं, आणि सगळीकडे ताज्या रबराचा वास. गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "साहेब, जीव आहे हिच्यात. फक्त मोकळा करायला हवा."

भाऊजींना आयुष्यात कोणी साहेब म्हटलं नव्हतं. ते तिथेच विरघळले.

आधी इंजिनाचं काम झालं. हवेचा फिल्टर बदलला, इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली. आणि खरंच, गाडीला दम आला. चढावर पाय ठेवायचा अवकाश, गाडी सुटायची. चाचणीला भाऊजींनी मला नेलं. शाळेची बस शोधत होते हे मला नंतर कळलं.

इथे थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण हौस ही खाजेसारखी असते, एकदा बोट लागलं की हात थांबत नाही. रुंद टायर आले. टायर आतल्या बाजूला घासायला लागले म्हणून स्प्रिंग बदलून गाडी उंच केली. उंच गाडीला जुनं तोंड शोभेना म्हणून पुढची जाळी काळी झाली. टपावर लोखंडी कॅरिअर चढला आणि कॅरिअरच्या कपाळावर दिव्यांची लांब पट्टी. शेवटी वस्तादने नवा सायलेन्सर बसवला. त्याला सायलेन्सर का म्हणायचं हा प्रश्न मला पडला, कारण गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्या खिडकीची तावदानं थरथरायची.

भाऊजी बदलले. बोलायला लागले. जेवताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, जिन्यात टॉर्क. कामावर लिफ्ट चालू करून दिल्यावर तिथल्या पहारेकऱ्याला खाली नेऊन गाडी दाखवायचे. एकदा मला म्हणाले, "लिफ्ट नीट चालली की माणसं आत शिरतात, आरशात केस सारखे करतात आणि निघून जातात. बंद पडली तरच विचारतात, कोण रे तो मेकॅनिक. ही गाडी बघ, सिग्नलला लोक काच खाली करून विचारतात." त्यांचा चेहरा असा उजळला होता की माझ्या जिभेवर आलेला टोमणा मी गिळून टाकला.

आईसाठी मात्र ते नाकापेक्षा मोती जड झालं. गाडीत चढायला तिच्यासाठी प्लॅस्टिकचं स्टूल ठेवावं लागे. ती स्टुलावर उभी राहायची, ताई मागून लोटायची, चिमणी आतून ओढायची.

"गाडीत बसतेय की माळ्यावर चढतेय तेच कळत नाही," आई म्हणाली.

"वरून किती छान दिसतं, नाही?" भाऊजींनी विचारलं.

"दिसतं हो. ऐकू काही येत नाही."

ते खरंच होतं. त्या आवाजात गप्पा व्हायच्या नाहीत. ताईने काही विचारलं की पुढून आई "काय?" म्हणायची, ताई पुन्हा ओरडायची, मग आई "जाऊ दे, घरी सांग" म्हणायची. हळूहळू ताई डोळे मिटून बसायला लागली. चिमणीने कानात गाणी घातली. मी मागे मोबाइल बघत बसायचो. भाऊजी एकटेच खुशीत, बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरून.

मग आईच्या डोळ्यांची तपासणी निघाली. डोळ्यांच्या दवाखान्याची इमारत मोठी, गाड्या लावायला खाली तळघर. आम्ही पाचही जण गेलो. उतारावरून खाली जाताना टपावर काहीतरी किंचित खरडल्याचा भास झाला, पण त्या आवाजात कोण लक्ष देतो? गाडी लावली, लिफ्टने वर गेलो. लिफ्टमध्ये भाऊजींनी सवयीने डोळे मिटून कान दिला आणि "बरी ठेवलीय" असं प्रशस्तिपत्र दिलं.

तपासणी झाली. आईच्या डोळ्यांत थेंब घातलेले, वर मोठा काळा चष्मा. "तुम्ही फाटकाशी थांबा, मी गाडी घेऊन येतो," म्हणून भाऊजी एकटे खाली गेले.

बराच वेळ झाला तरी गाडी येईना. मग ताईचा फोन वाजला. ती ऐकत राहिली आणि फोन ठेवून आम्हाला म्हणाली, "गाडी अडकलीय."

"कुठे?"

"छताला."

खाली गेलो तर चढाच्या तोंडाशी तुळईखाली गाडी घट्ट बसली होती. दिव्यांची पट्टी तुळईच्या पलीकडे गेलेली, कॅरिअरचा मधला दांडा खालून रुतलेला. पुढे जात नव्हती, मागेही येत नव्हती. मागे तीन-चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या. भाऊजी गाडीशेजारी उभे होते, एक हात तुळईवर, चेहरा पार उतरलेला.

"येताना कशी आली मग?" चिमणीने विचारलं.

भाऊजींनी आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे, जणू तराजूत घालून. "येताना तुम्ही सगळे आत होता," ते हळूच म्हणाले. "मी आत्ता एकटा होतो. गाडी वर उचलली गेली." लिफ्टमध्ये किती माणसं चढवायची हे ज्याने जन्मभर लोकांना बजावलं, त्याच्याच हे ध्यानात आलं नव्हतं. कोणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर त्यांना हसू आलं असतं.

"म्हणजे वजन हवंय," ताई म्हणाली. "बसा सगळे."

आईला बिचारीला समोरचं काही दिसत नव्हतं. "स्टूल कुठाय?" तिने विचारलं. स्टूल गाडीत, डिकीत, सगळ्यात आत. तेव्हा मागच्या गाडीतून उतरलेल्या एका पहिलवानी गृहस्थाने तिला लहान मुलासारखी उचलून पुढच्या सीटवर ठेवली. "कोण होता तो?" आई विचारत राहिली. "हात चांगले होते."

आम्ही चौघं बसलो. भाऊजींनी चारही टायरमधली थोडी थोडी हवा सोडली. दांडा तुळईपासून सुटला, पण पुरता नाही. मग तो गृहस्थ मागे येऊन माझ्याशेजारी बसला, नव्हे, माझ्यावरच बसला. दवाखान्याची एक परिचारिका कामावरून निघाली होती, तिला आपली गाडी काढायची होती, ती चिमणीजवळ घुसली. पार्किंगवाला मागच्या दारात उभा राहून, "मी पण येऊ का?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता आत आला.

भाऊजी सगळ्यात शेवटी चढले. त्यांनी इंजिन चालू केलं नाही. मागच्या गाड्या आधीच मागे घ्यायला लावल्या होत्या, आणि ब्रेक सोडून गाडी तशीच मागे घसरू द्यायची असं ठरलं होतं. गाडी इंचाइंचाने मागे सरकायला लागली. आत पूर्ण शांतता. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, किती दिवसांनी या गाडीत ऐकू येतंय."

आधी परिचारिकेला हसू फुटलं. मग ताईला. पहिलवान हसला तेव्हा माझ्या बरगड्यांना कळलं. तो म्हणाला, "आजी, रोज असेच फिरता का तुम्ही?" आई म्हणाली, "नाही हो, रोज गर्दी कमी असते." पार्किंगवाल्याने सांगितलं की मागच्या महिन्यात इथेच एक गाडी अडकली होती, पण तिच्यात माणसं इतकी चांगली नव्हती. सगळे एकाच वेळी बोलत होते. गाडी तुळईखालून कधीच निघून थांबली होती आणि कोणी उतरायचं नाव घेत नव्हतं.

मला आरशात भाऊजींचे डोळे दिसत होते. त्यांनी ते मिटले होते. लिफ्टच्या दाराला कान लावल्यावर मिटतात, अगदी तसे.

कॅरिअर तिथेच पाने लावून उतरवला आणि मोकळ्या टपाची गाडी वर काढली. घरी येताना भाऊजी गाडी अगदी हळू चालवत होते. मला वाटलं टायरमध्ये हवा कमी आहे म्हणून. पण हवा भरून घेतल्यावरही त्यांनी वेग वाढवला नाही. वेग वाढला की आवाज वाढायचा.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन वस्तादकडे गेले. "जुना सायलेन्सर आहे ना?"

"आहे की. पण साहेब, आवाज गेला तर उरलं काय?"

"माणसं," भाऊजी म्हणाले. मग वस्तादला वाईट वाटलं असेल असं वाटून घाईघाईने म्हणाले, "इंजिनाला हात लावू नका. ते काम फार सुरेख झालंय."

वस्ताद रुसला होता, पण कारागीर होता. एकदा कामाला लागला की रुसवा विसरला. स्प्रिंगा मधल्या उंचीच्या घातल्या, टायर त्याला साजेसे, दाराखाली रुंद पायदान. गाडीच्या पत्र्यावर रंगाऐवजी चिकटवायची रंगीत फिल्म लावायची होती, तिचे नमुने त्याने घरी पाठवले. भाऊजींना करडा आवडला, चिमणीला काळा. आईने थेंबांचा अंमल उतरून नीट दिसायला लागल्याच्या आनंदात सगळे नमुने उजेडात नेऊन पाहिले आणि डाळिंबी रंगावर बोट ठेवलं. "हा घाला. माझ्या साडीसारखा." तिच्यापुढे कोणाचं चालणार?

गाडी देखणी झाली, हे मेहुणा असूनही मान्य करतो. सिग्नलला लोक अजून काच खाली करून विचारतात. फरक इतकाच की आता भाऊजींचं उत्तर त्यांना ऐकू येतं.

परवा तळ्याला गेलो तेव्हा ताई गाडी चालवत होती. भाऊजींनीच तिला शिकवलं. चढ लागला, पुढे एक ट्रक रेंगाळत होता. ताईने आरसा पाहिला, पाय दाबला, आणि गाडीने जराही कुरकूर न करता ट्रक मागे टाकला. आईला पत्ताही लागला नाही, ती कुठल्या तरी मावशीच्या सुनेची हकिकत सांगत होती, तिघी तीन बाजूंनी बोलत होत्या. भाऊजी माझ्याशेजारी, शेवटच्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून बसले होते.

"पाय अवघडले का?" मी विचारलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "त्या सुनेचं काय झालं ते राहून जाईल."