फ्रिज दोनवर

मागच्या मे महिन्यात आम्ही मायलेकी आठ दिवसांसाठी लातूरहून किनवटला निघालो. ताई तिकडे आश्रमशाळेत शिकवते. कुलूप लावण्याआधी मी घराचा मेन स्विच पाडला. त्याच आठवड्यात मी गल्लोगल्ली पत्रकं वाटली होती : 'घर बंद, तर मेन बंद!' मजकूर माझाच. वीज कचेरीत साहेबांच्या रिकाम्या केबिनमध्ये एसी सोळावर चालू आणि लाइट जाणार ती आमच्या गल्लीची, याचा मला संताप यायचा. अजूनही येतो. पण दुसऱ्यांना सांगायचं ते आधी आपल्या घरात. म्हणून एक पत्रक मेनच्या बोर्डावरच चिकटवलं आणि खाली लाल पेनानं लिहिलं, 'कुणीही हात लावू नये.' आई तेव्हा शेजारच्या मावशींना किल्ली द्यायला गेली होती.

अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली. भाकरीवर ठेचा ठेवत आईनं सहज विचारलं, फ्रिज कितीवर ठेवलास. मी ऐटीत सांगितलं, कितीवर काय, मेनच पाडून आले.

आईचा घास हातातच राहिला. "मावशीचं इन्सुलिन हाय की गं त्यात."

आमच्या फ्रिजमध्ये निम्मी गल्ली नांदते. कुणाचं विरजण, कुणाची कणीक, कुणाचा उद्याच्या लग्नाचा गजरा. दारातला वरचा कप्पा मावशींचा. त्या एकट्या राहतात, दोन्ही वेळा येऊन औषध घेऊन जातात. किल्ली त्यासाठीच तर दिलेली. दूध काढताना ती डबी मी रोज बाजूला सरकवत होते, आणि पत्रक लिहिताना मला ती आठवली नाही. एवढ्या उन्हात बंद घरात औषध नासलं आणि मावशींनी तेच टोचून घेतलं तर? मी फोन लावला.

मावशी निवांत होत्या. मघाशीच येऊन गेल्या होत्या. फ्रिजमध्ये अंधार दिसला म्हणून डबी घरी नेली आणि ओलं फडकं गुंडाळून माठाला टेकवून ठेवली. मी विचारलं, खटका वर का नाही केलात?

"तूच लिवलंस की, हात लावू नये म्हणून. उद्या माझ्यावरबी पत्रक काढशील."

म्हटलं, मावशी, फाडा ते. त्या फोन कानाला लावूनच आमच्या घरात गेल्या. खटक्याचा आवाज आला, मग फ्रिजची घरघर. त्यांनी विचारलं, आता कितीवर ठेवू? मी आईकडे पाहिलं. साहेबांच्या एसीचे आकडे तोंडपाठ, घरच्या फ्रिजचा एकही नाही.

आईनं फोन ओढून घेतला. "दोनवर ठिवा. आन बाकीचे समदे खटके बंद करा, न्हाई तर ही पोरगी हितंच उतरंल."

परतल्यावर मी पत्रक नव्यानं छापलं : 'मेन पाडण्याआधी, आपल्या फ्रिजमध्ये कुणाचं काय आहे ते शेजारी विचारा.' घोषणा म्हणून अगदीच पडेल. मोर्चात कुणी देणार नाही. मावशींनी मात्र ते आमच्या बोर्डावर स्वतःच्या हातानं चिकटवलं.